बंदराची शहरं आणि त्यांचे फुटबॉल क्लब

दर्यासारंग (धागालेखक)

युरोपातल्या फुटबॉलबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक इंग्लिश प्रीमियर लीगचं, नाहीतर रेआल-बार्सिलोनाचं. कोणाला कितीला घेतलं, कोणाला डच्चू मिळाला यावर पानंच्या पानं भरतात. मला बरेच दिवस भूमध्य समुद्राकाठच्या क्लबांबद्दल लिहायचं होतं. नापोली, मार्सेय, जेनोवा, लिवोर्नो, स्प्लिट, थेस्सालोनिकी. सगळी बंदरं. यातलं एकही शहर आज आपल्या देशाची राजधानी नाही, आणि राजधानीबद्दल किंवा पैसेवाल्या उत्तरेबद्दल जवळपास प्रत्येकाच्या मनात जुना सल आहे. माझं म्हणणं असं, की या शहरांत क्लब शहराच्या वतीने बोलतो. संसदेत आणि वर्तमानपत्रांत ज्यांचं कोणी ऐकत नाही, ते लोक आपलं म्हणणं मैदानात मांडतात.

नापोलीपासून सुरुवात करतो, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात उघड दिसते. १९८४ च्या जुलैत दिएगो मॅराडोना बार्सिलोना सोडून नापोलीला आला, तेव्हा सान पाओलो स्टेडियममध्ये नुसतं त्याला बघायला हजारो लोक जमले होते. सामना नव्हता, काही नव्हतं. शहराची अवस्था त्या वेळी वाईट होती. १९८० च्या नोव्हेंबरातल्या भूकंपाने बेघर झालेल्यांचे प्रश्न सुटले नव्हते, बेकारी होती, कामोरा या तिथल्या माफियाच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या चालू होत्या. संघ कसाबसा पहिल्या स्तरावर टिकला होता. उत्तरेतल्या मैदानांत नापोलीच्या लोकांना 'आंघोळ करा' म्हणून हिणवायचे, शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीने यांना आगीने धुऊन काढावं अशा घोषणा द्यायचे. या घोषणा आजही बंद झालेल्या नाहीत. बुएनोस आयरेसच्या बाहेरच्या व्हिया फिओरितो नावाच्या गरीब वस्तीत वाढलेल्या त्या बुटक्या माणसाला हे सगळं कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

१० मे १९८७ ला फिओरेंतिनाशी १-१ बरोबरी झाली आणि नापोली पहिल्यांदा इटलीचा विजेता ठरला. मुख्य भूमीवरच्या दक्षिणेत स्कुदेत्तो, म्हणजे इटालियन लीगचं विजेतेपद, तोवर कधी गेलाच नव्हता. युव्हेंतुस, मिलान, इंटर म्हणजे तुरीन आणि मिलान ही कारखान्यांची, बँकांची शहरं. दक्षिणेतली लाखो माणसं पोटासाठी तिकडे जाऊन राबत होती. त्या रविवारी नापोलीच्या रस्त्यांवर युव्हेंतुस आणि मिलानच्या खोट्या अंत्ययात्रा निघाल्या. स्मशानाच्या भिंतीवर कोणीतरी मेलेल्यांना उद्देशून लिहिलं, की तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला ठाऊक नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्या आनंदात गेलेल्यांनाही सामील करून घ्यावंसं वाटणं, हे मला फार मोठं वाटतं.

१९९० ला दुसरा स्कुदेत्तो आला, मग तेहतीस वर्षं काही नाही. २००४ मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला आणि तिसऱ्या स्तरावरून नव्याने सुरुवात करावी लागली. तिथेही लोक हजारोंनी यायचे. ४ मे २०२३ ला उदिनेत बरोबरी साधून तिसरं विजेतेपद मिळालं, तेव्हा सामना दूर उत्तरेला चालू होता आणि नापोलीतलं घरचं मैदान मोठ्या पडद्यावर तो बघणाऱ्यांनी भरलं होतं. त्या मैदानाला तोपर्यंत मॅराडोनाचं नाव दिलेलं होतं. चौथं विजेतेपद २०२५ च्या मे महिन्यात आलं.

आता मार्सेय. फोकायाहून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास हे बंदर वसवलं. फ्रान्समध्ये आजही या संघाला 'फोकायाचे' म्हणतात. नंतर इटालियन आले, आर्मेनियन आले, अल्जीरियातून, ट्युनिशियातून, कोमोरोसमधून माणसं आली. एरवी ती वेगवेगळ्या वस्त्यांत राहतात, वेगवेगळ्या शाळांत जातात. व्हेलोड्रोम स्टेडियमच्या दोन टोकांच्या वळणांवर मात्र ती खांद्याला खांदा लावून उभी असतात. ऑलिंपिक द मार्सेय म्हणजे ओएम, स्थापना १८९९. कट्टर, संघटित चाहत्यांचे 'अल्ट्रा' गट तिथे इतके बळकट, की त्या दोन स्टँडांची हंगामाची तिकिटं बरीच वर्षं हे गटच विकत असत. कमांडो अल्ट्रा ८४ हा फ्रान्समधला पहिला अल्ट्रा गट मानला जातो.

२६ मे १९९३ ला म्युनिकमध्ये मिलानविरुद्ध आबेदी पेलेने कॉर्नर घेतला आणि बाझील बोलीने हेडर मारला. १-०. चॅम्पियन्स लीग जिंकणारा पहिला फ्रेंच क्लब. कॉर्नर घेणारा घानाचा, गोल करणारा आयव्हरी कोस्टच्या आबिजानमध्ये जन्मलेला. त्यानंतर जे झालं ते कडू आहे. त्याच आठवड्यात व्हालान्सियेनविरुद्धचा लीगचा सामना पैसे चारून फिक्स केल्याचं उघड झालं, फ्रेंच विजेतेपद काढून घेतलं गेलं, पुढच्या वर्षी संघ दुसऱ्या स्तरावर ढकलला गेला, अध्यक्ष बेर्नार तापी पुढे तुरुंगात गेले. पण युरोपचा चषक राहिला. 'कायमचे पहिले' हे मार्सेयवाल्यांचं ब्रीद पॅरिसने २०२५ मध्ये तीच स्पर्धा जिंकल्यावरही तसंच राहिलं, कारण पहिलेपण कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

जेनोवा, स्प्लिट, थेस्सालोनिकीबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असणारे इथे आहेत. लिहा.

---

मधली फळी

छान धागा. नापोलीच्या बाबतीत १९९० च्या विश्वचषकातल्या उपांत्य सामन्याचा उल्लेख हवाच. ३ जुलै, इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि मैदान कोणतं तर सान पाओलो! सामन्याआधी मॅराडोना नापोलीकरांना जाहीरपणे म्हणाला होता, की वर्षाचे बाकीचे दिवस तुम्हाला परके म्हणणारा हा देश आज एका दिवसापुरता तुम्ही इटालियन आहात असं सांगतोय. इटलीत प्रचंड संताप झाला. नापोलीकरांनी इटलीलाच पाठिंबा दिला, पण अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या नाहीत. १-१ बरोबरी, पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली. पाच दिवसांनी रोममधल्या अंतिम सामन्यात त्याच राष्ट्रगीतावर शिट्ट्यांचा पाऊस पडला आणि मॅराडोनाच्या तोंडून निघालेली शिवी कॅमेऱ्याने जगाला दाखवली.

एक मात्र म्हणेन. गरिबांचा कैवारी म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवताना कामोराच्या जुलियानो घराण्याबरोबरचे त्याचे फोटो आणि कोकेनचं व्यसन बाजूला ठेवू नये. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतलं, त्याच शहराने त्याला एक संध्याकाळ शांतपणे घराबाहेर पडू दिलं नाही. क्लब शहराच्या वतीने बोलतो हे मान्य. पण सगळं शहर जेव्हा एका माणसाच्या पायांवर उभं राहतं, तेव्हा त्या माणसाचं काय होतं, तेही लिहायला हवं.

---

पेठकर

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे वाचताना डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम उभं राहिलं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल. संघ तालमीचा आणि तालीम पेठेची. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की दोन्हीकडच्या बायकापोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा सगळ्या पेठा एक झाल्या होत्या.

पण आमच्याकडे सगळी ईर्षा गावातल्या गावात आहे. बाहेरच्या कोणा राजधानीला दाखवून द्यायचंय असं नाही. म्हणून विचारतो, जिथे एका शहरात दोन-तीन क्लब आहेत तिथे तुमचं म्हणणं कसं लागू होतं? जेनोवात कोण शहराच्या वतीने बोलतं?

---

खलाशी

पेठकर, जेनोवाबद्दल मी सांगतो. बोटीवर नोकरी असल्याने हे बंदर ओळखीचं आहे.

जेनोआ क्लब ७ सप्टेंबर १८९३ ला इंग्रजांनी काढला, क्रिकेट आणि ॲथलेटिक्ससाठी. इटलीत आज चालू असलेला हा सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. सुरुवातीला इटालियनांना सभासद होता येत नव्हतं. कोळशाच्या बोटींवरच्या इंग्लिश खलाशांना तपासायला आलेले डॉक्टर जेम्स स्पेन्स्ली यांनी फुटबॉलचा विभाग सुरू केला आणि इटालियनांना दारं उघडली. ते स्वतः गोलकीपर होते. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये गेले. जेनोआने नऊ स्कुदेत्तो जिंकले, पहिला १८९८ चा, शेवटचा १९२४ चा. दहा झाले की इटलीत जर्सीवर सोनेरी तारा लावता येतो. शंभर वर्षं उलटली तरी दहावा आलेला नाही. फॅसिस्ट राजवटीत इंग्रजी वाटतं म्हणून क्लबचं नावसुद्धा बदलायला लावलं होतं, ते युद्धानंतर परत घेतलं.

शहरातला दुसरा क्लब साम्पदोरिया, १९४६ चा. साम्पिएरदारेनेसे आणि आंद्रेआ दोरिया या दोन क्लबांच्या एकीकरणातून जन्मलेला. म्हणून निळ्या जर्सीवर पांढरा, लाल, काळा असे पट्टे, आणि बोधचिन्हात तोंडात पाइप धरलेला जेनोवाचा खलाशी. १९९१ ला व्हियाली-मान्चिनी जोडीने स्कुदेत्तो आणला. १९९२ ला वेम्ब्लीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत रोनाल्ड कूमनच्या फ्री किकने बार्सिलोना जिंकली. त्याच जागी नव्याने बांधलेलं वेम्ब्ली, ११ जुलै २०२१, इटली युरो जिंकली. प्रशिक्षक मान्चिनी, संघाबरोबर व्हियाली. दोघं एकमेकांना मिठी मारून रडले. व्हियाली तेव्हा कॅन्सरशी झुंजत होते. जानेवारी २०२३ मध्ये गेले.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही क्लब एकाच मैदानावर खेळतात, मारास्सीच्या लुइजी फेरारिसवर. जुनी घराणी जेनोआची आणि नवे आलेले साम्पचे, असं ढोबळ बोललं जातं, पण घराघरांत दोन्ही सापडतात. १४ ऑगस्ट २०१८ ला मोरांदी पूल कोसळून ४३ माणसं मेली, तेव्हा कोणाचा क्लब कोणता हे कोणी पाहिलं नाही. जेनोआच्या घरच्या पहिल्या सामन्यात एम्पोलीविरुद्ध चाहते ४३ मिनिटं गप्प उभे होते. त्या वेळी मारास्सीचं मैदानच शहराच्या वतीने बोललं, असं मी म्हणेन.

---

सायली प

बार्सिलोना का वगळलं? तोही समुद्रकाठच आहे, राजधानीशी वैर तर जगजाहीर.

---

दर्यासारंग

सायली, मुद्दाम मागे ठेवलं, कारण त्यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. पण प्रश्न रास्त आहे. १४ जून १९२५ ला लेस कोर्त्सच्या मैदानात लोकांनी स्पेनच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या, तेव्हा प्रिमो द रिव्हेराच्या हुकूमशाहीने मैदानाला सहा महिन्यांचं टाळं ठोकलं आणि क्लबचे संस्थापक जोआन गाम्पर यांना देश सोडावा लागला. गाम्पर मूळचे स्विस, १८९९ ला क्लब काढणारे. १९३६ मध्ये अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. कातालान भाषेवर बंदी असतानाच्या काळात कॅम्प नोऊच्या गर्दीत ती बोलता येत होती. हे सगळं माझ्या मांडणीत चपखल बसतं.

फरक मला असा दिसतो की बार्सिलोना हे स्पेनमधलं श्रीमंत, कारखानदार शहर. तिथली तक्रार सत्तेबद्दलची आहे. नापोली आणि मार्सेयची तक्रार इज्जतीबद्दलची आहे. मला दुसरी जास्त भिडते.

---

पूर्वेचा वारा

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे क्लबमधून एक हरवलेलं शहर बोलतं.

१९१२ पर्यंत हे शहर ऑटोमन साम्राज्यात होतं. तिथे ज्यू, मुसलमान, ग्रीक, बल्गेरियन एकत्र नांदत होते आणि ज्यू लोकांची संख्या सगळ्यात मोठी होती. १९२३ च्या लोझान करारानंतर ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्माच्या आधारावर माणसांची अदलाबदल केली. अनातोलियातून सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले किंवा त्याआधीच पळून आले होते. कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, आलेल्यांनी १९२६ मध्ये थेस्सालोनिकीत पाओक हा क्लब काढला. नावातलं शेवटचं 'क' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल. चिन्ह बायझँटाइन साम्राज्याचा दोन डोक्यांचा गरुड, पण पंख मिटलेले, शोक म्हणून. रंग काळा आणि पांढरा, काळा गमावलेल्या घरांसाठी, पांढरा आशेसाठी. त्यांचं मैदान तूम्बा या निर्वासितांच्या वस्तीत आहे, १९५९ पासून. अथेन्सचा एईके हाही १९२४ ला कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनीच काढलेला, त्याचाही गरुडच. २०२२ मध्ये उघडलेल्या त्यांच्या नव्या मैदानाचं नाव आया सोफिया, कॉन्स्टँटिनोपलमधल्या जुन्या भव्य चर्चवरून.

आपल्याकडे १९४७ च्या निर्वासितांची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना हे लगेच समजेल. घर गेलं, दुकान गेलं, देऊळ मागे राहिलं. नव्या शहरात जुने रहिवासी तुम्हाला बाहेरचे म्हणतात. मग अकरा पोरं एक जर्सी घालून उतरतात आणि ती जर्सी म्हणते की आम्ही कुठून आलो ते विसरलेलो नाही. पाओकचे चाहते अथेन्सच्या सत्तेबद्दल, रेफ्रींबद्दल, संघटनेबद्दल ज्या त्वेषाने बोलतात त्यामागे ही जुनी जखम आहे. २०१९ मध्ये एकही सामना न हरता त्यांनी लीग जिंकली, तेव्हा चौतीस वर्षांनी विजेतेपद आलं होतं.

पेठकरांच्या प्रश्नाला जोडून काळी बाजूही. त्याच शहरात आरिस (१९१४) आणि इराक्लिस (१९०८) हे जुने क्लब आहेत. १ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री आरिसच्या वस्तीत १९ वर्षांच्या मुलाला 'कोणत्या संघाचा?' असं विचारून ठार मारलं. आरोपी पाओकचे चाहते होते, न्यायालयाने त्यांना शिक्षा दिल्या. निर्वासितांच्या नातवंडांनी आपल्याच शहरातल्या पोराला परका ठरवावं, याने मी फार अस्वस्थ झालो होतो. क्लब माणसांना ओळख देतो असं म्हणताना हेही डोळ्यांआड करता येत नाही.

---

मधली फळी

+१. पूर्वेचा वारा यांचा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे.

यात ज्यूंचं पुढे काय झालं तेही हवं. १९४३ मध्ये नाझींनी थेस्सालोनिकीतल्या पंचेचाळीस हजारांहून जास्त ज्यूंना ऑशविट्झला पाठवलं. ज्या शहरात ते सर्वांत मोठा समाज होते, त्या शहराच्या मैदानांत आज त्यांच्या वतीने बोलणारा स्टँड नाही.

---

तांबडा कंदील

लिवोर्नो आणि सार्दिनिया बेटावरच्या काल्यारीबद्दल थोडं.

लिवोर्नो हे फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याने वाढवलेलं मुक्त बंदर. सोळाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कायदा करून ज्यू, आर्मेनियन, ग्रीक व्यापाऱ्यांना तिथे वसायचं आमंत्रण दिलं. इटलीचा कम्युनिस्ट पक्ष जानेवारी १९२१ मध्ये याच शहरात स्थापन झाला आणि स्टँडमध्ये लाल झेंडे आजही दिसतात. क्रिस्तियानो लुकारेल्ली हा गोदी कामगाराचा मुलगा. २००३ मध्ये मोठा पगार सोडून दुसऱ्या स्तरावरच्या आपल्या गावच्या संघात आला. पाठीवर ९९ क्रमांक, कारण चाहत्यांचा गट १९९९ ला स्थापन झाला होता. वर्षभरात संघ पंचावन्न वर्षांनी पहिल्या स्तरावर पोहोचला आणि २००४-०५ मध्ये २४ गोल करून तो इटलीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्या मोसमात त्याच्या मागे युव्हेंतुस आणि मिलानचे करोडोंचे खेळाडू होते.

आणि काल्यारीचा जीजी रिव्हा. जन्म उत्तरेत, लागो माज्जोरेच्या काठी. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सार्दिनियात आला, तेव्हा उत्तरेतले लोक त्या बेटाकडे शिक्षेवर पाठवायची जागा म्हणून बघत. १९७० मध्ये त्याने काल्यारीला विजेतेपद मिळवून दिलं. युव्हेंतुसने पुन्हा पुन्हा बोलावलं, तो गेला नाही. खेळणं थांबल्यावरही काल्यारीतच राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथेच गेला. इटलीसाठी ४२ सामन्यांत ३५ गोल, हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. मॅराडोनावर इतकं लिहिलं जातं, रिव्हावर आपल्याकडे कोणीच लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

खलाशी

क्रोएशियातलं स्प्लिट राहिलं. तिथल्या हायदुक क्लबची स्थापना १९११ मध्ये झाली ती प्रागमधल्या एका बिअरच्या गुत्त्यात, तिथे शिकणाऱ्या स्प्लिटच्या विद्यार्थ्यांकडून. १९४१ मध्ये इटलीने शहर ताब्यात घेतलं आणि इटालियन लीगमध्ये खेळायचा प्रस्ताव दिला. क्लबने नकार देऊन खेळणंच थांबवलं. १९४४ मध्ये खेळाडू गुपचूप व्हिस बेटावर पार्टिझानांकडे, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या गनिमांकडे गेले आणि ७ मे रोजी, म्हणजे स्प्लिटच्या रक्षक संताच्या, स्वेती दुयेच्या दिवशी, संघ पुन्हा उभा केला. त्याच सप्टेंबरात बारीला ब्रिटिश सैन्याच्या संघाविरुद्ध खेळले, ७-२ ने हरले. पण व्यापलेल्या देशाचा संघ खुलेआम आपल्या नावाने खेळला, याचं मोल त्या निकालापेक्षा मोठं.

त्यांच्या चाहत्यांचा गट तोर्त्सिदा, २८ ऑक्टोबर १९५० चा, त्याच वर्षी झालेल्या विश्वचषकातल्या ब्राझीलच्या प्रेक्षकांवरून स्फूर्ती घेतलेला. सरकारने तो लगेच दडपला होता. आज दाल्मात्सियाच्या किनाऱ्यावर गावोगावी भिंतींवर हायदुकचं चिन्ह रंगवलेलं आढळतं, अगदी लहान बेटांवरसुद्धा.

---

पेठकर

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. एक शेवटचं. नापोली एवढं मोठं शहर, तिथे एकच मोठा क्लब कसा? मिलान, रोम, तुरीन, जेनोवा सगळीकडे दोन-दोन आहेत.

---

दर्यासारंग

तिथेही दोन होते. एक इंग्रजांनी काढलेला नेपल्स आणि दुसरा त्यातून फुटलेला इंटरनात्सिओनाले. १९२२ मध्ये पैशाअभावी ते एकत्र आले आणि १९२६ मध्ये त्यातूनच आजचा नापोली झाला. पहिले अध्यक्ष जॉर्जो आस्कारेल्ली, कापडाचे ज्यू उद्योगपती. त्यांनी पदरच्या पैशांनी स्टेडियम बांधलं. १९३० मध्ये ते उघडलं आणि काही दिवसांतच आस्कारेल्ली वारले, तेही ऐन तिशीत. लोकांनी मैदानाला त्यांचं नाव दिलं. १९३४ चा विश्वचषक आला तेव्हा फॅसिस्ट राजवटीने ज्यू माणसाचं ते नाव पुसलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत मैदानच जमीनदोस्त झालं. पुढे क्लब व्होमेरोच्या मैदानात खेळला आणि १९५९ मध्ये फुओरिग्रोत्तात सान पाओलोला गेला. मॅराडोनाचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. आस्कारेल्लींचं नावही त्याच्या शेजारी लागायला हवं, असं मला मनापासून वाटतं.